आकडे एककापासून

गणित विभागाच्या ऑफिसात नोकरी मागायला गेले तेव्हा मुलाखतीत मला विचारलं होतं, "आकड्यांची भीती नाही ना?" मी "अजिबात नाही" म्हणाले. ते खरंच होतं. आकडे माझ्या हातून उलटे पडतात, हे मात्र मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

इंग्रजीत कुणी 'सिक्स्टी थ्री' म्हणालं की माझ्या डोक्यात आधी 'त्रेसष्ट' उमटतं. त्रेसष्टमध्ये तीन आधी, साठ नंतर. घाईत असले तर हात कानापेक्षा डोक्याचं ऐकतो आणि कागदावर छत्तीस पडतात. मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या अंकलेखनात अर्धा वर्ग असं लिहितो. माझं सोलापुरात चौथीपर्यंत सुटलं होतं, अमेरिकेत आल्यावर परत सुरू झालं. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. प्रत्येक अंक सुटा ऐकायचा, सुटा लिहायचा, मग बोट ठेवून परत वाचायचा. पहिले काही महिने ही शिस्त नव्हती. ती पहिल्यांदा पाळली त्या दिवशी काय झालं, ते सांगते.

विभागात एक जर्मन प्राध्यापिका होत्या. तेव्हा साठी ओलांडलेल्या. काटक, आवाज खणखणीत, कार्डिगनच्या खिशात कायम सुतळीचा एक तुकडा. त्यांचा विषय गाठी. दोरीच्या गाठींचंही गणित असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला ते जमेना. एकदा दारातून त्यांना हाक मारताना तोंडून 'बाई' निघून गेलं. त्यांनी मागे न बघता हात हलवला आणि निघून गेल्या. मी निरोप घेतेय असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मी अर्थ सांगितला, की आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणतात.

"नुसतं 'बाई'? पुढे काही नाही?"

"काही नाही."

"हे चांगलं आहे. आमच्याकडे नावाआधीच्या पाट्या फार लांब असतात."

तेव्हापासून त्या माझ्यासाठी बाई. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. इथे मराठीत लिहिते आहे एवढंच.

वर्गांच्या खोल्या ठरवणं माझं काम. बाई फोनवरून खोली सांगायच्या, मी लिहून घ्यायची. पहिल्या तीन वेळा सगळं सुरळीत झालं. चौथ्या वेळी मी ठरवून अंक सुटे ऐकले, सुटे लिहिले, बोट ठेवून परत वाचले. दोनशे सदतीस. दुसऱ्या दिवशी बाई आणि त्यांचे विद्यार्थी सदतीसमध्ये जाऊन उभे राहिले, तर तिथे दुसऱ्याच कुणाची परीक्षा चालू. बाई तडक ऑफिसात.

"मी दोनशे त्र्याहत्तर मागितली होती."

"तुम्ही 'थर्टी-सेव्हन' म्हणालात. हे बघा, लिहून घेतलंय."

"गेल्या तीनही वेळा मला त्र्याहत्तरच मिळाली."

मी जुने कागद काढले. तीनही वेळा त्र्याहत्तर होतं. आम्ही दोघी त्या कागदांकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या भाषेत सदतीसला काय म्हणतात?"

"सद-तीस. सात आणि तीस."

"झीबन-उंड-ड्रायसिश," त्या म्हणाल्या. "सात आणि तीस."

जर्मनमध्येही एकक आधी येतो. म्हणजे बाईंच्या मनात त्र्याहत्तर, इंग्रजीत बोलताना त्याचं उलटं सदतीस, आणि मी ते ऐकून परत उलटं त्र्याहत्तर लिहायची. दोघींच्या चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या. एकीने काळजी घेतली आणि घोटाळा झाला. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "उणे गुणिले उणे," त्या म्हणाल्या, "आणि तू सुधारलीस! सुधारायची काय गरज होती?"

मग आम्ही नियम केला. फोन नको, चिठ्ठी. चिठ्ठीवर खोली अंकांत लिहायची आणि शेजारी जर्मन शब्दांत. दोन्ही जुळलं नाही तर शब्द खरा. शंभरपर्यंतचं जर्मन मी त्यासाठी शिकले. चिठ्ठ्यांवर मी लाल पेनाने दुरुस्त्या करायची आणि त्या कॅबिनेटच्या तळच्या खणात टाकायची. मी कागद फेकत नाही. सवय आहे, दुसरं काही नाही.

त्यांचा बायोडेटा दरवर्षी मीच टाइप करायची, त्यामुळे त्यांचं आयुष्य मला तारखांच्या क्रमाने पाठ आहे. वडील रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. गावातल्या मुलींच्या शाळेत वरच्या वर्गांना गणितच नव्हतं. म्हणून या मुलग्यांच्या शाळेत जाऊन बसल्या. हेडमास्तरांनी वर्षभर हजेरीत नाव घातलं नाही, तरी रोज जाऊन बसल्या. पुढे विद्यापीठ, डॉक्टरेट. जर्मनीत डॉक्टरेटवर भागायचं नाही, त्यानंतर आणखी एक मोठा प्रबंध लिहावा लागायचा, तेव्हा कुठे प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करता यायचा. तोही लिहिला. त्यानंतरच्या पाच वर्षांपुढे एक जर्मन पदवी होती, तिच्यात 'प्रिवाट' असा शब्द होता. मी विचारलं, "म्हणजे प्रायव्हेट शिकवणी घ्यायच्या का तुम्ही?"

त्यांनी थोडा विचार केला. "हो. विद्यापीठाच्या इमारतीत, जवळजवळ फुकट, आणि खुर्चीशिवाय."

खुर्चीसाठी, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी, त्यांनी तीन ठिकाणी अर्ज केले. तीनही ठिकाणी यादीत दुसऱ्या आल्या. पहिल्या क्रमांकावर दर वेळी वेगळा माणूस. "पहिले वेगवेगळे, दुसरी मात्र एकच," त्या म्हणायच्या. मग अमेरिकेतून वर्षभरासाठी बोलावणं आलं आणि त्या आल्या. त्या वर्षाचं काय झालं ते बायोडेटातच दिसतं: पुढची चाळीस पानं इथली आहेत.

आमची मुलगी इथेच जन्मली. मॉरिसव्हिलच्या रविवारच्या मराठी शाळेत तिला मी जबरदस्तीने घालायची. तिथल्या अंकांवरून ती एकदा ढसाढसा रडली. "व्हाय इज इट बॅकवर्ड्स, आई? इट्स सो डम!" सोमवारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला विचार, बेरीज कुठून सुरू करतेस? एककापासून. हातचा कुठून येतो? एककापासून. मग उलटं कोण बोलतं?" मुलीला हे इतकं पटलं की पुढे तिने शाळेतल्या अमेरिकन बाईंनाच ते ऐकवलं. बाईंना आमचं एकोणतीस फार आवडलं होतं. तीस व्हायला एक कमी! आकड्याच्या नावातच वजाबाकी! एकोणतीस, एकोणचाळीस करत त्या जिना चढायच्या.

अशी सोळा वर्षं गेली. बाई एकोणऐंशीच्या झाल्या आणि शिकवतच होत्या. अमेरिकेत प्राध्यापकाला वयावरून घरी बसवता येत नाही, कायदा आहे. त्यामुळे ज्यांना बसवायचं असतं ते कायद्याच्या कडेकडेने चालतात.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले. चाळिशीतले, हसतमुख, प्रत्येक वाक्यात 'काळजी'. बाईंची खोली त्यांना नव्या माणसासाठी हवी होती. हे ते कधी बोलले नाहीत, पण खोलीचं माप घ्यायला माणूस पाठवायचा फॉर्म माझ्याच टेबलावरून गेला. आणि त्याच महिन्यात एका मुलाने बाईंच्या वर्गाचा व्हिडिओ पाठवला. फार तर दहा-बारा सेकंदांचा. बाई फळ्यावर सेहेचाळीस लिहितात आणि तोंडाने 'सिक्स्टी-फोर' म्हणतात. मुलगा टोकतो. बाई फळ्याकडे बघून म्हणतात, "तेच तर लिहिलंय."

विभागप्रमुखांनी बाईंना पत्र दिलं: तुमच्याविषयी आम्हांला काळजी वाटते, तरी स्मरण आणि आकलन यांची तपासणी करून घ्यावी, तोवर वर्ग दुसरे कुणी घेतील. आधी एक बैठक होईल, सोबत एक व्यक्ती आणता येईल.

बाई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. रागाने खिशातल्या सुतळीची गाठ मारत, सोडत.

"तपासणीत घड्याळाचं चित्र काढायला सांगतील. मी आयुष्यभर वर्तुळं काढली, आता कुणाला तरी घड्याळ काढून दाखवू?"

"मग नका काढू."

"न काढलं तर म्हणतील, येत नाही म्हणून काढलं नाही." सुतळी त्यांनी टेबलावर टाकली. गुंता दिसत होता. दोन टोकं धरून ओढली तर सरळ दोरी. "माझा सगळा विषय हाच आहे. दिसतं त्या सगळ्या गाठी नसतात. पण ते सिद्ध करावं लागतं. तू येशील?"

मी हो म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मूळचा नागपूरचा, आयटीतला, शांत माणूस. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"अगं, तू कशाला मध्ये पडतेस? त्यांचं ते बघतील ना यार."

"काय बघतील? त्यांना कुणाला माहीतच नाही ही काय भानगड आहे. मला माहीत आहे."

"आणि तुला कसं माहीत, हे विचारलं तर?"

मी भाजी चिरत राहिले. खरी अडचण तीच होती. बाईंची चूक म्हातारपणाची नाही हे सांगायचं, तर माझीही चूक सांगावी लागणार. आणि माझं सगळं काम आकड्यांचं. खोल्या, हजेरीक्रमांक, परीक्षेच्या बैठका. मुलीला शिकागोला फोन लावला तर तीही तेच. "आई, दे विल पुट इट इन युअर फाइल. यू नेव्हर टोल्ड देम? इन सिक्स्टीन यर्स?"

"नाही सांगितलं."

"ओह माय गॉड, आई." मग जरा थांबून, "पण तू जा. शी वॉज राइट अबाउट द बेरीज."

बैठकीला समोर तिघं होते. विभागप्रमुख, डीनच्या ऑफिसातून आलेले एक गृहस्थ आणि एचआरची एक बाई, लॅपटॉप उघडून. मी चिठ्ठ्यांचं खोकं टेबलावर ठेवलं. सोळा वर्षांच्या चिठ्ठ्या. पहिल्या वर्षापासून अंक एकीकडे, जर्मन शब्द दुसरीकडे, मधे माझी लाल दुरुस्ती. जेवढ्या चुका पहिल्या वर्षी, तेवढ्याच या वर्षी.

"म्हातारपण असतं तर वाढल्या असत्या," मी म्हणाले. "ही भाषेची गोष्ट आहे."

डीनच्या गृहस्थांनी पाच-सहा चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. एचआरच्या बाईने विचारलं, "पण चाळीस वर्षं इंग्रजीत राहून?"

"मोजताना माणूस आपल्याच भाषेत मोजतो. माझीही भाषा तशीच आहे. मीही उलटे लिहिते. तुम्ही आकडे वाचा, आम्ही दोघी लिहितो. बघा."

आदल्या दिवशी मी हे ठरवून ठेवलं होतं, आणि मला फार हुशारी वाटत होती. त्या बाईने दहा आकडे भराभर वाचले. आम्ही लिहिले. कागद उलटे करून दिले. दहाच्या दहा बरोबर. माझेही, बाईंचेही. सोळा वर्षांची शिस्त नको त्या वेळी कामाला आली होती.

विभागप्रमुख अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे भाषेची अडचण नाही असं दिसतं. लक्ष दिलं तर जमतं. लक्ष टिकत नाही, हीच तर आमची काळजी आहे."

मी मदतीला आले होते, आणि त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं होतं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. हाताची घडी, ओठ मिटलेले. गणित सोडून कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणार नाही, असं त्यांनी येतानाच जाहीर केलं होतं.

डीनचे गृहस्थ फॉर्म भरू लागले. "या विद्यापीठात एकूण किती वर्षं?"

मला वाटलं, निदान एवढं तरी मी नीट सांगावं. त्यांचा बायोडेटा माझ्याइतका कुणाला पाठ नाही. एक्केचाळीस. "फोर्टीन," मी म्हणाले.

गृहस्थांनी चौदा लिहिलं.

"आइन-उंड-फिर्त्सिश!" बाई कडाडल्या. "फोर्टी-वन! चौदा कुठली? चौदा वर्षांत मी इथली कॉफीसुद्धा सुधारू शकले नव्हते!"

एचआरच्या बाईने लॅपटॉपवरून मान वर केली. माझ्या लक्षात यायला मलाही क्षणभर लागला.

"मी चौदा म्हणाले का?"

"म्हणालात," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या पेनाखाली तो आकडा होताच.

"हे मी ठरवून केलेलं नाही. आमच्यात आधी एक म्हणतात, मग चाळीस. एक्के-चाळीस. ते तोंडाशी येईपर्यंत चौदा झालं." मी खुर्ची पुढे ओढली. "आता मलाही तपासणीला पाठवा. मी बावन्न वर्षांची आहे. पंचवीस लिहिलंत तरी माझी हरकत नाही."

गृहस्थ हसले. विभागप्रमुख हसले नाहीत. एचआरच्या बाईने मात्र मुद्द्याचं विचारलं. "तुम्ही सोळा वर्षं हे लपवून ठेवलंत?"

"ठेवलं. सोळा वर्षांत चुकीच्या खोलीत गेलेला वर्ग एक. तोही मी जास्त काळजी घेतली म्हणून. दुसरं उदाहरण तुमच्याकडे असेल तर काढा."

तिने काही काढलं नाही. टाइप मात्र केलं.

बाई उठून उभ्या राहिल्या आणि विभागप्रमुखांना म्हणाल्या, "गणिताचा एक प्रश्न आहे, तेवढा विचारते. सेहेचाळीस आणि सत्तावीस यांची बेरीज कागदावर कुठून सुरू करता?"

विभागप्रमुख गणितज्ञच. त्यांना उत्तर देणं भाग होतं. "उजवीकडून."

"एककापासून. मी बोलतेही तिथूनच. तुम्ही करता एक, बोलता एक. तपासणी कुणाची करायची, ते तुम्ही तिघं ठरवा." आणि त्या सुतळी खिशात घालून निघाल्या. मी खोकं उचलून त्यांच्यामागे.

आठवड्याने पत्र आलं. तपासणी 'तूर्त स्थगित', वर्ग त्यांच्याकडेच. खोलीचं माप घ्यायला कुणी आलं नाही. माझ्या फाइलीत मात्र नोंद पडली, मुलगी म्हणाली होती तशीच: 'अंकनोंदीत अचूकतेसाठी प्रशिक्षण सुचवले'. ते ऑनलाइन प्रशिक्षण मी जेवणाच्या सुट्टीत, डबा खात पूर्ण केलं. त्यात अंक उलटे पडण्याविषयी एक अक्षर नव्हतं. पासवर्ड कुणाला सांगू नये, एवढंच होतं.

बाईंनी पुढच्या सत्राच्या पाठ्यक्रमाच्या कागदात एक ओळ घातली, चौथी: 'मी आकडे एककापासून बोलते. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही, तर फळ्यावर विश्वास ठेवा.' विभागप्रमुखांनी निरोप पाठवला की अशी ओळ अनावश्यक आहे, काढली तर बरं. बाईंनी ती ठळक अक्षरात केली. मी छापायला घेतली.

वर्गात विद्यार्थी त्रेसष्ट. त्या दिवशी सत्राचा पहिला दिवस, फोन वाजतोय, दारात रांग. मी गठ्ठा उचलून दोनशे त्र्याहत्तरमध्ये नेला. पुढच्या रांगा झाल्या, मधल्या झाल्या, आणि कागद संपले. मागची मुलं हात वर करून बसलेली.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती छापलेस?"

मी मोजायची गरज नव्हती. "छत्तीस."

त्या वर्गाकडे वळल्या. "ज्यांना मिळालाय त्यांनी चौथी ओळ मोठ्याने वाचा. उदाहरण दारात उभं आहे."

छत्तीस मुलांनी ती ओळ वाचली. सगळा वर्ग हसला, मागचे जास्त. मी खाली जाऊन उरलेले कागद छापले आणि बोट ठेवून मोजले. वर येताना जिन्यात विभागप्रमुख भेटले. माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?"

"सत्तावीस," मी म्हणाले, आणि पुढे गेले.